उशिराची घोषणा

माझ्या विषयाच्या परीक्षेत दर वर्षी एक प्रश्न हटकून येतो. ‘विकसनशील देशांत लोकशाही आणि आर्थिक विकास यांचा परस्परसंबंध स्पष्ट करा.’ मुलं स्पष्ट करतात. आधी पोट, मग मत, असं निम्मी लिहितात; आधी मत, मग पोट, असं उरलेली. दोघांनाही मी सारखेच गुण देते, कारण दोघांनीही ते एकाच गाइडातून उतरवलेलं असतं. पण पेपर तपासता तपासता दुपारी माझा डोळा लागला, की हमखास मावशीचा आवाज ऐकू येतो. लांबून, धुक्यातून आल्यासारखा, जरासा नाकात. ‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं.’

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण. आमच्या बसस्टँडवर ती गाड्यांच्या घोषणा करायची. केस काळे होते तेव्हापासून पांढरे होईपर्यंत तिनं हेच केलं. काचेची लहानशी खोली, टेबल, वाकड्या मानेचा माईक आणि त्याच्या बुडाशी एक पितळी बटण. समोर आवार, आणि छपरावर चार दिशांना तोंडं करून बसलेले कर्णे. माझे वडील सिमेंटच्या कारखान्यात भट्टीवर होते, आई तिथल्याच कॅन्टीनमध्ये. त्यामुळे शाळा सुटली की माझी रवानगी मावशीच्या खोलीतल्या बाकावर व्हायची. दप्तर उशाला घेऊन मी खुशाल झोपायची. मावशीचा आवाज मला दोनदा ऐकू यायचा. एकदा तिच्या तोंडातून आणि जरा वेळानं बाहेरच्या आवारातून, भिंतींना लागून परत आलेला. अर्धवट झोपेत यातली खरी मावशी कुठली ते कळायचं नाही. बंदर, मिठागर, जुनी गिरणी, वरचा नाका ही सगळी ठिकाणं माझ्या झोपेत एकाच पाण्यावर तरंगत असायची, आणि मावशी त्यांना हाका मारत असायची.

प्रत्येक घोषणा दोनदा करायची असा तिथला नियम. तो तिच्या अंगात इतका मुरला होता की आमच्या घरीसुद्धा ती म्हणायची, ‘‘जेवायला या. जेवायला या.’’ माझे वडील चिडायचे.

‘‘अहो, आम्ही काही फलाटावर उभे नाही!’’

‘‘एकदा सांगितलेलं माणूस नुसतं ऐकतं,’’ मावशी म्हणायची. ‘‘दुसऱ्यांदा सांगितलं की उठतं.’’

वडील दुसऱ्यांदाच उठायचे, हे मात्र खरं.

त्या काळी देशावर ज्यांचं राज्य होतं त्यांना सगळे नुसतं ‘थोरले’ म्हणत. नाव घ्यायची पद्धत नव्हती. आता खोटं कशाला बोलू, थोरल्यांनी पुष्कळ केलं. स्टँडच्या चिखलाचं काँक्रीट झालं. वीज आली, कारखाना आला. माझे वडील लोकांच्या गाड्या धुवायचे, ते भट्टीवर पगारी झाले. घरात पहिला पंखा लागला त्या दुपारी आम्ही सगळे जमिनीवर उताणे पडून नुसते वर बघत राहिलो होतो. त्या वाऱ्याला मी आजही नावं ठेवणार नाही.

पण थोरल्यांच्या देशात काही उशिरा होत नसे. रेडिओवर तसं रोज सांगायचे. मग एक दिवस स्टँडवर वरून हुकूम आला की घोषणेत ‘उशीर’ हा शब्द येता कामा नये. गाडी आली तर आली म्हणा. नाही आली तर काहीच म्हणू नका. आता गाड्यांना कुठला हुकूम वाचता येतोय? त्यांचे टायर फुटायचे, रेडिएटर उकळायचे, त्या घाटात बसून राहायच्या. आणि आवारात लोक बोचकी मांडीवर घेऊन, मुलांना थोपटत, न आलेल्या गाडीकडे डोळे लावून बसायचे. मावशीला काचेतून ते सगळं दिसायचं. ती ओठ चावायची.

एका धुक्याच्या सकाळी मिठागरची गाडी आली नव्हती. मावशीनं सवयीनं बटण दाबलं, तोंड उघडलं, हुकूम आठवला आणि तोंड मिटून बटण सोडलं. बाहेर कर्ण्यांतून नुसतं ‘खट्ट’ झालं. मग तिचा श्वास. मग पुन्हा ‘खट्ट’. धुक्यात टोपलीवर बसलेली एक म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठली आणि शेजारणीला म्हणाली, ‘‘चला बाई, चहा घेऊन येऊ. एवढ्यात काही यायची नाही.’’

तेव्हापासून ती रीतच पडली. गाडीची वेळ टळली की मावशी बटण दाबायची, एक श्वास सोडायची, बटण सोडायची. लोक उठून चहाला जायचे. त्यात शब्दच नव्हता, त्यामुळे गुन्हाही नव्हता. स्टँडच्या साहेबांना सगळं कळत होतं, पण त्या वेळी त्यांना नेमकी बाहेर जाऊन सिगारेट ओढावीशी वाटायची. पुढे पुढे सगळ्या शहराच्या बोलण्यात ते आलं. कोणाचा निरोप लांबला, दवाखान्यात डॉक्टर आला नाही, की लोक एकमेकांकडे बघून हळूच म्हणायचे, ‘‘खट्ट झालंय.’’

याच काळात कारखान्याला डोंगरातला दगड हवा झाला आणि त्यासाठी सरळ रस्ता. सरळ म्हणजे अगदी पट्टीनं आखल्यासारखा. वाटेत खालची वाडी होती. ते माझ्या आईचं आणि मावशीचं माहेर, तिथं त्यांचा मोठा भाऊ, म्हणजे मामा, राहायचा. एका सकाळी यंत्रं आली आणि संध्याकाळपर्यंत वाडी रिकामी झाली. आजीची चूल जिथं होती तिथून आता रस्त्याचा मधला पांढरा पट्टा जातो. वाडीच्या लोकांना बदल्यात डोंगराच्या माथ्यावर जागा दिली, तीच वरची वाडी. जागा होती, वाट नव्हती.

रस्त्याच्या उद्घाटनाला स्टँडवर पताका लावल्या होत्या. मावशीच्या हातात वाचायला एक कागद दिला. ‘खालच्या वाडीतील सर्व घरांनी या रस्त्यास आनंदाने संमती दिली आहे.’ मावशीनं तो वाचला. नियमाप्रमाणे दोनदा वाचला. मी बाकावर जागी होते, तिचा हात टेबलाची कड धरून होता ते मला दिसत होतं. आणि आवारात, पताकांच्या खाली, मामा उभा होता. आमच्याकडे ठेवलेलं उरलेलं सामान न्यायला तो खाली आला होता, डोक्यावर अंथरुणाची वळकटी होती. त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्याचं ‘हो’ चार कर्ण्यांतून, सख्ख्या बहिणीच्या आवाजात, चारी दिशांना चाललं होतं. त्यानं काचेकडे एकदा बघितलं आणि फाटकातून निघून गेला. त्यानंतर त्यानं त्या आवारात पाऊल टाकलं नाही. शहरात यायचं झालं तर नाक्यावरच उतरून चालत यायचा.

मावशी मग वर गेली त्याला भेटायला. एकदा नाही, पुष्कळदा. ती उंबऱ्यावर दिसली की तो गोठ्यात जाऊन बसायचा. आई त्याच्याशी बोलायची, मी बोलायची, पण मावशीचं नाव निघालं की त्याचा चेहरा दगड व्हायचा. एकदाच तो मला म्हणाला, ‘‘घरात येऊन कानात माफी मागते. बोलली होती ती कानात नव्हती बोलली.’’

मग एका हिवाळ्यात थोरले गेले. कसे गेले ते प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि प्रत्येकाच्या गोष्टीत सांगणारा अगदी पुढच्या रांगेत असतो. निवडणुका आल्या, भिंती रंगल्या, आणि ‘उशीर’ या शब्दावरची बंदी उठली. मावशीनं पहिल्यांदा तो उच्चारला तेव्हा आवारातले लोक टाळ्या वाजवायला लागले. बंदराची गाडी उशिरा येणार म्हणून टाळ्या! अशी माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

पण सवय जाते थोडीच. मावशी आता प्रत्येक घोषणेआधी बटण दाबून एक श्वास घ्यायची. तो ‘खट्ट’ ऐकला की लोक उठून चहाला चालू लागायचे, आणि पाठीमागून ती सांगायची की गाडी फलाटाला लागली आहे. पुष्कळांच्या गाड्या चुकल्या. लोक काचेवर टकटक करून भांडायचे. ‘‘बाई, बोलायचंय तर बोला ना, आधी गप्प कशाला बसता?’’

‘‘आणि तुम्हाला कोणी सांगितलं पळायला?’’ मावशीही ऐकून घ्यायची नाही.

ते दिवस आठवले की सगळं कसं पाण्याखालून बघितल्यासारखं दिसतं. मोर्चे, सभा, संप, रस्त्याखालच्या एका मोरीसाठी चार-चार बैठका. कारखान्याची भट्टी महिना महिना थंड असायची. वडील पंख्याखाली पडून म्हणायचे, ‘‘थोरले असते तर आत्तापर्यंत झालं असतं.’’ आणि तेही खोटं नव्हतं. झालं असतं. कोणाच्या चुलीवरून झालं असतं, एवढंच ते विचारत नव्हते.

एक मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. मावशी रोज उशीर म्हणायला लागली, तसे लोक रोज ‘का’ म्हणायला लागले. ‘का’चं उत्तर द्यायचं म्हणून साहेब वर भांडले, वर्कशॉपमध्ये दोन मेकॅनिक वाढले, घाटात एक जादा गाडी उभी राहू लागली. मुक्या घोषणेवर इतकी वर्षं चहाच्या टपऱ्या चालल्या. बोलक्या घोषणेवर वर्कशॉप चालू लागलं. गाड्या वेळेवर आल्या असं म्हणत नाही, पण पूर्वीपेक्षा कमी रडायला लागल्या. हे परीक्षेत लिहिलं तर मी स्वतःच किती गुण देईन, सांगता येत नाही.

याच नव्या राज्यात वरच्या वाडीच्या रस्त्याची गोष्ट निघाली. तिथून आजारी माणसाला अजून खाटेवर घालून खाली आणावं लागत होतं. सगळ्या वाडीला रस्ता हवा होता, आणि आता कायदा असा होता की ज्या घराच्या जागेतून तो जाणार त्या घरानं सभेत उभं राहून हो म्हणायला हवं. रस्ता मामाच्या गोठ्यावरून जात होता. मामा उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘नाही.’’

पुढच्या वर्षी पुन्हा सभा झाली. पुन्हा ‘‘नाही.’’ शेजारच्या सुनेला बाळंतपणाला खाली नेताना पावसात खाट निसरली, पोरगी आणि बाळ कशीबशी वाचली. वाडीनं मामाशी बोलणं टाकलं. आईसुद्धा म्हणाली, ‘‘आडमुठा आहे नुसता.’’ एकटी मावशी त्याच्या बाजूनं.

‘‘म्हणू दे त्याला नाही,’’ ती म्हणायची. ‘‘त्याचं एक नाही मी गिळलंय.’’

मला सगळ्यांचाच राग आला होता, आणि मीही म्हटलं चला, आपण शिकलेल्या, आपण समजावू. भल्या सकाळी वर गेले. माथ्यावर इतकं धुकं होतं की गोठा हाताला लागेपर्यंत दिसला नाही. गाई ओल्या पाठीनं स्वस्थ उभ्या होत्या. मामा गोठ्यामागच्या दगडावर बसला होता, मान जरा कलती. मी बोलायला तोंड उघडलं तर त्यानं हातानंच थांब म्हणून खुणावलं.

आणि मला ऐकू आलं. खालून, दरीतून, वाऱ्याबरोबर. शब्द कळत नव्हते, नुसता सूर. बंदर, मिठागर, जुनी गिरणी. एकदा, आणि पुन्हा एकदा. मी लहानपणी बाकावर झोपायची तेव्हाचं पाणी भोवती भरून आल्यासारखं वाटलं.

‘‘खालून वारा असला की इथं येतो आवाज,’’ मामा म्हणाला. ‘‘घरात नाही येत. इथंच येतो.’’

‘‘रोज ऐकतोस?’’

‘‘गाईंना सवय झालीय,’’ तो म्हणाला.

मी काय समजवायला आले होते ते विसरूनच गेले. उतरताना मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. तिच्याशी शब्दही न बोलणारा माणूस इतकी वर्षं धुक्यात बसून तिचा सूर ऐकतो, हे मी मावशीला सांगितलं नाही. त्यानं सांगू नको म्हटलं नव्हतं, पण माझी जीभच उचलली नाही.

त्यानंतरच्या सभेला एक नवी इंजिनीअर बाई आली. मामानं ‘‘नाही’’ म्हटल्यावर तिनं नकाशा गुंडाळला आणि थकून विचारलं, ‘‘मग काका, कुठून नेऊ? तुम्हीच सांगा.’’

मामा तिच्याकडे बघत राहिला. मग उठला, काठी घेतली आणि सगळी वाडी मागे घेऊन चालत गेला. गोठ्याला वळसा घालून, आपला बसायचा दगड वाचवून, शेजाऱ्याच्या बांधाच्या कडेनं त्यानं मातीत काठीनं रेघ ओढली. शेजाऱ्याला विचारलं, ‘‘चालेल?’’ शेजारी बोलत नव्हता त्याच्याशी, तरी ‘‘चालेल’’ म्हणाला. रस्ता तिथूनच झाला. वळण वाईट आहे, तिथं गाडी जवळजवळ उभीच करावी लागते. ड्रायव्हर त्याला ‘नाहीचं वळण’ म्हणतात आणि वर एक शिवी घालतात.

तोवर मावशीची नोकरी संपत आली होती. स्टँडवर आता मशीन बसणार होतं, कोणा दुसऱ्याच बाईचा आवाज त्यात आधीच भरून ठेवलेला होता. मावशी त्या मशीनकडे बघायची नाही. वरच्या वाडीची पहिली गाडी कधी सुटते इकडेच तिचं लक्ष. गाडी थेट आवारात येणार होती, आणि डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मामाला आईनं त्याच गाडीनं बोलावलं होतं. नाक्यापासून चालण्याइतकं त्याला आता दिसत नव्हतं.

त्या दिवशी मी मावशीच्या खोलीत जाऊन बसले. दुपारचं पिवळट ऊन काचेवर साचलं होतं, धूळ त्यात सावकाश फिरत होती. गाडीची वेळ झाली. टळली.

‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. वरच्या वाडीची गाडी उशिरा येत आहे,’ मावशी म्हणाली. आणि पुन्हा म्हणाली.

गाडी आली. माणसं उतरली, कोंबड्या उतरल्या, एक खाट उतरली, कशासाठी आणली होती देव जाणे. मामा उतरला नाही. ड्रायव्हर खाली उतरून आळस देऊ लागला. मावशीचा चेहरा उतरला.

‘‘नाही आला,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, ‘‘मी बघून येते.’’

‘‘थांब,’’ ती म्हणाली, आणि तिनं बटण दाबलं.

खट्ट. श्वास. आवारातली म्हातारी माणसं सवयीनं गुडघ्यांवर हात टेकून चहासाठी उठू लागली. मावशी अजून गप्पच होती. मला वाटलं ती आता बटण सोडणार.

‘प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं. एका घोषणेची दुरुस्ती आहे.’

स्टँडवर दुरुस्ती रोजच असते. फलाट बदलतो, गाडी बदलते. उठलेले लोक उभ्या उभ्याच थांबले.

‘सरळ रस्त्याच्या उद्घाटनाच्या दिवशी इथून असं सांगण्यात आलं होतं, की खालच्या वाडीतल्या सर्व घरांनी आनंदानं संमती दिली. ती घोषणा चुकीची होती. कोणाला विचारलं नव्हतं. माझ्या भावाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता.’

तिचा बटणावरचा हात निसटला. चहावाल्यानं स्टोव्ह बारीक केला. साहेब दारात येऊन उभे होते, त्यांनी खिशातून सिगारेट काढली आणि बाहेर गेले.

मग वरच्या वाडीच्या गाडीच्या मागच्या दारातून आधी काठी बाहेर आली. मग पाय. मामा शेवटच्या सीटवर बसून राहिला होता, खाली उतरायचं की त्याच गाडीनं परत जायचं, हे त्याचं ठरत नव्हतं. काठीनं काँक्रीट चाचपत तो आवार ओलांडून आला. लोक बाजूला होत गेले. तो काचेच्या खिडकीशी थांबला, काचेला जवळजवळ नाक लावून आत बघू लागला. त्याला मावशी कितपत दिसत होती कोण जाणे.

मावशी उभी राहिली. ‘‘दादा,’’ एवढंच तिला म्हणता आलं.

मामानं काठीनं काचेवर हळूच ठोकलं.

‘‘दोनदा सांगायचं असतं ना?’’ तो म्हणाला.

मावशीनं बटण दाबलं.